देवा, ह्यांना सांग

लोकांच्या तोंडात काय काय असतं ते मला विचारा. तेवीस वर्षं मी कवळ्या बनवते. माणूस मला कधी दिसत नाही, त्याचं तोंड तेवढं दिसतं, आणि तेही उलटं. दवाखान्यातून माप येतं, म्हणजे लगद्यात उमटवलेला तोंडाचा ठसा, ओल्या कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत. मापाला थुंकी असते, रक्त असतं, सकाळी खाल्लेल्याचे कण असतात. एकदा एका मापाला चांगला वीतभर लांब केस चिकटून आला होता. तो तिथे कसा गेला ह्याचा विचार मी अजून करत नाही. मास्क लावते, हातमोजे घालते, माप जंतुनाशकात बुडवते, आणि तरी दुसऱ्याच्या तोंडाचा वास यायचा तो येतोच. लॅबमध्ये मला सगळे कवळीबाई म्हणतात. म्हणू देत.

पण किळस आली म्हणून काम बिघडवलं, असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते सांगताना माझी मान खाली जाणार आहे.

त्या दिवशी दोन मापं आली, एक वरचं, एक खालचं. चिठ्ठीवर नाव नव्हतं, नुसता नंबर. त्यात नवल नाही, बऱ्याच चिठ्ठ्यांवर नाव नसतंच. मी मापं धुतली, प्लास्टर ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साचे सोडवून टेबलावर ठेवले. म्हाताऱ्याचं तोंड होतं. हिरड्या झिजून पार सपाट झालेल्या. आणि वरच्या साच्यात, टाळूच्या मधोमध, हाडाची गाठ.

अशी गाठ बऱ्याच जणांना असते. दुखत नाही, खुपत नाही, माणसाला जन्मभर पत्ता नसतो. पण कवळी करणाऱ्याला ती बघावीच लागते. गाठीवर मांस नसतं, नुसती पातळ कातडी. म्हणून कवळीला तिथे आतून जराशी मोकळी जागा सोडायची असते. नाही सोडली तर कवळी गाठीवर टेकते आणि डुलते, उंचवट्यावर ठेवलेल्या ताटासारखी. बोलताना खाली पडते, खाताना टोचते, आणि माणसाचा जीव नकोसा करते.

ही गाठ लांबट होती. मधे चीर. आणि उजव्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा वेगळाच एक उंचवटा. मी साचा उजेडात धरला आणि माझी जीभ आपोआप माझ्या टाळूला लागली. लांबट. मधे चीर. उजवीकडे दाणा.

मी साचा खाली ठेवला आणि मोरीवर जाऊन ओकले.

अण्णा. म्हणजे माझे वडील. मी सहा-सात वर्षांची असताना ते आ करून मला टाळू दाखवायचे आणि म्हणायचे, “बघ, अशीच गाठ तुझ्याही टाळूला आहे. देवानं माझी सही तुझ्या तोंडात करून ठेवलीय. हरवलीस तरी ओळखेन.” मी हसत हसत त्यांच्या टाळूला बोट लावून बघायची. आता त्या बोटाचीही मला शिसारी आली.

आमच्या घरात भांडणं कमी आणि अबोले जास्त. आई आणि अण्णा महिना महिना एकमेकांशी बोलायचे नाहीत. पण संसार तर चालवायचा असतो, म्हणून आईनं एक युक्ती काढली होती. ती पंख्याकडे बघायची आणि म्हणायची, “देवा, ह्यांना सांग, मीठ संपलंय.” अण्णा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, “देवा, तिला सांग, काल का नाही सांगितलं?” आई म्हणायची, “देवा, ह्यांना सांग, काल मी बोलत नव्हते.” “देवा, तिला सांग, मग आज काय करतेय?” अशा तासतासभर गप्पा चालायच्या. मला हसू यायचं. मला तेव्हा खरंच वाटायचं की देव म्हणजे आमच्याकडेच राहणारा कुणी गरीब नातेवाईक आहे, दोघांचे निरोप देऊन देऊन दमलेला. रात्री झोपताना मी त्याला हळूच म्हणायची, झोप आता तूही.

मग अण्णा दुसऱ्या एका बाईच्या घरी राहायला गेले. गावाच्या दुसऱ्या टोकाला. आई पंख्याकडे बघून काही म्हणेनाशी झाली. पुढच्या वर्षी ती तापानं पडली. मी बारा वर्षांची, धाकटी पाच वर्षांची. तापाच्या नवव्या दिवशी आईनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, “जा, त्यांना घेऊन ये. म्हणावं, मी बोलते.”

देवाला मधे न घालता आईनं पाठवलेला तो पहिला निरोप. मी पळत सुटले. वाटेत एका चपलेचा अंगठा तुटला, ती हातात घेतली आणि तशीच पळाले. पत्ता मला माहीत होता, मी लपून एकदा बघून आले होते. दार त्या बाईनं उघडलं. मागे अण्णा उभे होते, बनियनवर, हातात कप. बाईनं विचारलं, “कोण हो ही?” अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “काय माहीत. असेल कुणाची तरी.”

दार लागलं. मी निरोप घेऊन तशीच परत आले. आईला काय सांगायचं ह्याचा विचार वाटभर केला, पण सांगायची वेळच आली नाही.

तेव्हापासून अडतीस वर्षं माझा देवाशी अबोला आहे. चांगला कडकडीत. लोक म्हणतात, देव नाही. मी तसं म्हणत नाही. नसलेल्याशी कुणी अबोला धरतं का?

मामानं आम्हाला दोघींना ठेवून घेतलं, पण धाकटीला वाढवलं मी. तिची वेणी, तिचा अभ्यास, तिचं लग्न. मी लग्न केलं नाही, कुणाच्या दारात उभं राहायची हौस तिथेच फिटली होती. आमच्या लॅबला मापं पाठवणाऱ्या दातांच्या दवाखान्यात धाकटी नंबर लावायचं काम करते. रोज संध्याकाळी लॅब सुटली की मी तिच्याकडे जेवायला जायची, खिडकीशेजारची खुर्ची माझी ठरलेली. तेवढंच माझं घर. आणि दोन महिन्यांपूर्वी तिनं त्याच घरात अण्णांना आणून ठेवलं. ती बाई कधीच वारली होती, अण्णा एकटे होते, म्हातारे होते, आणि त्यांना म्हणे देव भेटला होता. त्या दिवसापासून मी तिच्याकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. दोन महिने स्वतःच्या हातचं बेचव जेवत होते.

ओकून झाल्यावर मी धाकटीला फोन लावला.

“तू नाव मुद्दाम लिहिलं नाहीस.”

ती म्हणाली, “तुला कसं कळलं?”

“कसं कळलं ते सोड. मला फसवून त्या माणसाचे दात करून घेतेस? लाज नाही वाटत?”

“ताई, त्यांची जुनी कवळी तुटलीय. जेवताना काढून ताटाशेजारी ठेवतात आणि नुसतं चोखत बसतात. मला बघवत नाही गं.”

“माझ्या डोळ्यांसमोर आणू नकोस. शी!”

“तू करतेस तशा कवळ्या कुणी करत नाही,” ती म्हणाली. “आणि त्यांना दात हवेत. तीन आठवड्यांनी रविवारी प्रार्थनेच्या हॉलमध्ये ते बोलणार आहेत. सगळ्यांसमोर. सगळं कबूल करणार आहेत. देवानं त्यांना माफ केलंय, ताई. आता आपणच राहिलो.”

इथे माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माफ केलंय? कुणी, देवानं? आणि मला न विचारता? दारात उभी होते मी. तुटकी चप्पल माझ्या हातात होती. माझ्या वाटणीचा अपराध देवानं परस्पर कसा काय माफ केला? त्याच्या बापाचं काय गेलं होतं त्यात!

“मी येणार नाही,” मी म्हटलं.

धाकटीचा आवाज बदलला. “ताई, मला आईचा चेहरासुद्धा आठवत नाही. मला एक तू आहेस आणि आता एक ते आहेत. दोघांना एका खोलीत बसलेलं मला एकदा बघायचंय. रविवारी तू आली नाहीस, तर मला बहीण नाही असं मी समजेन.”

तिनं फोन ठेवला. माझी धाकटी, जिला नाक पुसायला मी शिकवलं, तिनं.

म्हणून मी कवळी केली. जीव ओतून केली म्हणा ना. मेणात दात लावले, दवाखान्यात तोंडात बसवून बघायला पाठवले, बरोबर आहेत म्हणून परत आले. रंग असा निवडला की म्हाताऱ्या माणसाचेच वाटावेत, थोडे पिवळसर, पुढचा एक किंचित वाकडा. हिरडीचा गुलाबी रंग असा जमला की लॅबचे मालक येऊन बघून गेले. आणि मग, शेवटचं काम करताना, साच्यातल्या त्या गाठीवर मी मोकळी जागा सोडली नाही.

विसरले नाही. हात तिथे गेला होता, सवयीनं. मी तो मागे घेतला.

पहिले काही दिवस कुणालाही कळणार नव्हतं. नवी कवळी घट्ट बसते. आठवड्याभरात हिरड्या दबल्या की ती त्या गाठीवर टेकणार आणि डुलायला लागणार, आणि तोवर रविवार येणार. बोल म्हणावं आता. सगळ्यांसमोर बोल. त्या दिवशी मी घरी गेले ती गाणं गुणगुणत. स्वतःची किळस यायला अजून वेळ होता.

रविवारी मी हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसले. धाकटी पुढे होती, दहादा मागे वळून मी आलेय ना ते बघत होती आणि तोंडभर हसत होती. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, ओल्या सतरंजीचा वास, आणि दोनेकशे माणसं, सगळी रडायच्या तयारीनं आलेली. माइकपाशी उभा असलेला गृहस्थ प्रत्येकाला बोलावत होता आणि प्रत्येक जण आपापली घाण काढून दाखवत होता. एक म्हणाला, मी भावाला फसवलं. टाळ्या. एक म्हणाली, मी सासूला छळलं. टाळ्या. भावाचा पत्ता नाही, सासूचा पत्ता नाही, आणि ह्यांना टाळ्या! शेजारच्या अनोळखी बाईला तर इतका उमाळा आला की तिनं मला मिठीच मारली. तिच्या गालाचं पाणी माझ्या गालाला लागलं. मी रुमाल काढून खसाखसा पुसलं. मापं धुताना एवढं मळमळत नाही.

मग अण्णा आले. अडतीस वर्षांनी मी त्यांना बघितलं. माझ्या डोक्यात बनियनवरचा उंच माणूस होता. हा तर चिपाड झालेला, पँट पट्ट्यानं आवळून बांधलेली. पण दात झकास दिसत होते. माझे दात.

“मी पापी माणूस आहे,” ते म्हणाले. टक्. कवळी वाजली, माइकमधून सगळ्या हॉलभर. “बायको आजारी होती,” टक्, “आणि मी दुसऱ्या घरी होतो. दोन लहान मुली मी वाऱ्यावर सोडल्या.” टक्, टक्. त्यांनी अंगठ्यानं कवळी वर दाबली. मी वाट बघत होते. सांग की पुढचं. दाराचं सांग. दारूचं सांगितलं, खोट्याचं सांगितलं, आईच्या अंत्ययात्रेलाही आलो नाही म्हणून सांगितलं. दार नाही. दाराचं नावच नाही. एकदम हात वर केले आणि म्हणाले, “पण देवानं मला…” आणि वरची कवळी सटकली. खालच्या दातांवर आदळली, तिथून पुढे आली, आणि अण्णांनी ती दोन्ही हातांनी तोंडातच कोंबून धरली. पुढचा शब्द फुटेना.

मी हसले. मोठ्यानं. तोंडावर हात घ्यायचंही सुचलं नाही.

माझ्याखेरीज कुणी हसलं नाही. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला गहिवरून आलं. तोंडावर हात घेऊन उभा आहे बिचारा! सगळा हॉल हुंदके द्यायला लागला. माइकवाल्यानं अण्णांना पोटाशी धरलं. मी बिघडवलेल्या कवळीनं त्यांचं भाषण नेऊन कळसाला पोचवलं होतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

पण धाकटीनं माझं हसणं ऐकलं होतं. ती वळून बघत राहिली. बाहेर पायऱ्यांवर तिनं मला गाठलं.

“ताई, तुझी कवळी कधी परत आलेली मला आठवत नाही. डॉक्टरही म्हणतात, हिच्या कामात बोट ठेवायला जागा नसते. मग हीच कशी काय पडली?”

मी पर्समध्ये किल्ली शोधत राहिले. किल्ली हातातच होती.

“ताई.”

मी वर बघितलं नाही. तिला तेवढं पुरलं.

“मी त्यांना रोज विचारत होते, टोचतंय का,” धाकटी म्हणाली. “ते म्हणायचे, नाही, मस्त बसलीय. त्यांच्या तोंडात फोड आलेत आतून. काल पाणी पितानासुद्धा डोळ्यांत पाणी होतं. आणि तू हसलीस.” तिचा आवाज चिरकला. “घरी येऊ नकोस. ते आहेत म्हणून नाही. तुझ्यामुळे म्हणतेय. मला आता तुझी किळस येतेय.”

हा शब्द माझा होता. आमच्या घरात तो मीच वापरायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामात होते, म्हणजे समोर काम होतं. लॅबमध्ये बाकीचे जेवायला गेलेले. दार ढकलून कुणीतरी आत आलं. लॅबमध्ये पेशंट कधी येत नाहीत, तशी पद्धतच नाही. मी मान वर केली तर अण्णा. एकटेच. दोन बस बदलून आले होते, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला.

त्यांनी खिशातून रुमाल काढला, टेबलावर ठेवला, उघडला. आत कवळी. ओली, थुंकीच्या तारा लोंबणारी, कडेला लालसर. दातांशिवाय त्यांचं तोंड आत गेलं होतं, ओठ पिशवीच्या तोंडासारखे चुरगळलेले.

“धाकटीला माहीत नाही मी इथे आलोय,” ते म्हणाले. दात नसले की बोलणं फुसफुसतं, पण मला तशा बोलण्याची सवय आहे. “कवळी चांगली आहे. माझंच तोंड वाकडं आहे. जरा घासून देशील का?”

त्यांच्याशी मी बोलतच नव्हते, सुरुवात कुठून करणार?

ते उभेच होते. मग टेबलाच्या कडेला धरून म्हणाले, “काल तू आली होतीस. मी दाराचं बोललो नाही, ते तुला कळलं असेल.”

माझ्या हातातला ब्रश थांबला.

“तुझ्या एका पायात चप्पल होती. दुसरी हातात. निळ्या पट्ट्याची. गुडघ्याला खरचटलं होतं. मी ओळखलं नाही असं नाही. दार लावलं आणि खिडकीतून बघत राहिलो, तू कोपऱ्यावरून वळेपर्यंत. वळताना तू चप्पल बदलून दुसऱ्या हातात घेतलीस.”

बघत होता. म्हणजे बघत होता! अडतीस वर्षं मी स्वतःची समजूत घालत होते की कदाचित अंधार असेल, कदाचित मी पळून पळून काळवंडले असेन, कदाचित खरंच ओळखलं नसेल. ती एवढीशी पळवाटही म्हाताऱ्यानं बुजवून टाकली. समोरचा प्लास्टरचा साचा उचलून त्यांच्या टकलावर मारावासा वाटला मला.

“हॉलमध्ये ते सांगितलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या,” अण्णा म्हणाले. “म्हणून नाही सांगितलं. ते तुझं आहे. देवाकडेसुद्धा त्याची माफी मी मागितलेली नाही. बाकी सगळ्याची मागितली. ह्याची म्हटलं, आधी तिच्याकडे. ती नाही म्हणाली, तर राहू दे तसंच.”

मी त्यांच्याकडे बघितलं. घोकून आणलेलं वाटत नव्हतं. वाटलं असतं तर बरं झालं असतं, हाकलून देता आलं असतं. म्हणजे देवानं परस्पर काहीच केलेलं नव्हतं. त्याच्याकडे कुणी हे नेलंच नव्हतं. अडतीस वर्षांचा माझा राग, त्यातला निम्मा तरी मी भलत्याच्याच नावावर ठेवला होता.

आणि समोर ती कवळी पडली होती, लाल कड असलेली. ते म्हणत होते, माझंच तोंड वाकडं. त्यांचं तोंड वाकडं नव्हतं. तोंड जसं आहे तसंच होतं, माझ्यासारखं. माझ्या तेवीस वर्षांच्या कामात एकच घाण काम होतं आणि ते तिथे रुमालावर पडलं होतं. ते मी सांगितलं नसतं तर त्यांना जन्मात कळलं नसतं. दार लावून खिडकीतून बघत बसायचं तर मलाही जमण्यासारखं होतं.

सांगायला तर हवं होतं. पण अण्णा म्हणून हाक मारायला जीभ वळेना. मी वर बघितलं. लॅबमध्येही एक पंखा आहे, प्लास्टरच्या धुळीनं पांढरा झालेला.

“देवा,” मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. “देवा, ह्यांना सांग, तोंड वाकडं नाहीये. कवळी मी बिघडवली. मुद्दाम. गाठीवर जागा सोडली नाही, भर हॉलमध्ये पडावी म्हणून.”

अण्णांनीही मान वर केली.

“देवा, तिला सांग,” ते फुसफुसले, “पहिल्या दिवशीच कळलं होतं. गाठीवरच टेकत होती. ती गाठ तिलाही आहे, ती विसरणं शक्य नाही.”

“देवा, ह्यांना सांग, मग तोंड उघडून बोलायचं होतं ना! फोड येईपर्यंत घालायची कशाला?”

“देवा, तिला सांग, तिनं केलेली पहिली वस्तू होती माझ्याकडे.”

मी हातमोजे घातले. कवळी उचलली. हातमोज्यातूनही ती थुंकी कोमट लागली, आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. प्रेमबिम काही नाही, निव्वळ शिसारी. मोटर सुरू केली आणि गाठीच्या जागी आतून घासायला लागले. गुलाबी भुगा उडाला. बोट फिरवून बघितलं, पुन्हा घासलं, पॉलिश केलं, धुतलं, त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी बसवली.

“देवा, तिला सांग, डावीकडे अजून टोचतंय.”

पुन्हा काढली, पुन्हा घेतली, पुन्हा घासली. तिसऱ्या खेपेला बसली. त्यांनी दात आपटून बघितले. टक् नाही, काही नाही. माझं काम झालं होतं. ते रुमालाची घडी करून निघायच्या बेतात होते.

आणि मला आठवलं, एक निरोप अजून माझ्याकडेच आहे. तो माझा नव्हताच. मी तो अडतीस वर्षं दाबून धरला होता, ह्या माणसाला कधी मिळू नये म्हणून. आई निरोप पाठवून वाट बघत गेली आणि मी तिचाच निरोप अडवून बसले.

“देवा,” मी पंख्याकडे बघून म्हटलं, “ह्यांना सांग, त्या दिवशी आईनं मला पाठवलं होतं. म्हणाली होती, त्यांना म्हणावं, मी बोलते.”

अण्णा स्टुलावर बसले, म्हणजे पडलेच. तोंड उघडं राहिलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ, सगळं एकदमच आणि हनुवटीवरून शर्टावर. काय दिसत होते! हॉलमधलं एकही माणूस असं रडलं नव्हतं. मी कापसाची अख्खी गुंडाळी त्यांच्याकडे ढकलली आणि तोंड फिरवून टेबल पुसत राहिले, तेच ते टेबल, दहा वेळा. माझंही नाक गळत होतं, ते मी बाहीला पुसलं. घाणेरडी सवय.

बऱ्याच वेळानं आवाज आला, “देवा, तिला सांग, धाकटी काल जेवली नाही.”

म्हणजे आता माझी पाळी होती. तिच्या दारात जाऊन उभं राहायचं, आणि ती ओळख दाखवते की नाही ते बघायचं.

“देवा, ह्यांना सांग,” मी म्हटलं, “आज लॅब सुटली की मी येतेय. धाकटीची माफी मागायला. तिनं घरात घेतलं तर जेवेनही. खिडकीजवळची खुर्ची माझी आहे. आणि ताटाशेजारी कवळी काढून ठेवायची नाही. मला किळस येते.”

अण्णांनी नाक शिंकरलं. पंख्याकडे बघायला मान वर केली, मग खाली घेतली आणि माझ्याकडेच बघून म्हणाले, “नाही ठेवत.”